मशीनला २४ हजार, पायाला शून्य

आज सड्यावरच्या बागेत बांडगूळ आणि सुक्या फांद्या काढायला सुरुवात केली. सकाळी सातला मांगरासमोर सहा माणसं उभी होती, चार पुरुष आणि दोन बायका. सहाही जणांच्या पायांत बूट. बघून बरं वाटलं, आणि लाजही वाटली. कारण गेल्या साली याच दिवसांत, याच मांगरासमोर, याच माणसांच्या पायांत रबरी चपला होत्या आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

आजची नोंद फवारणीची नाही, खताची नाही. पायांची आहे. काही जणांना झोंबेल. झोंबू दे. मला स्वतःला आधी झोंबलेली आहे.

गेल्या ऑक्टोबरात काय झालं ते आधी सांगतो. एका जुन्या कलमाची मोठी फांदी खोडकिड्याने पोखरून सुकली होती. ती उतरवली, कोणाला काही झालं नाही. खरा धोका संपला असं समजून सगळे चहा प्यायले. मग आमचे मशीनवाले भाऊ जमिनीवर पडलेल्या फांदीचे ओंडके करायला लागले. ज्याला आपण "काय नाय, किरकोळ काम" म्हणतो ते. ओंडका शेवटच्या दोन बोटांवर आला आणि अचानक सुटला. हातातलं वजन ज्यावर रेललेलं होतं तो आधार गेला आणि चालू मशीन खाली उतरली. डावा पाय पुढे होता. तो पुढेच असतो, कारण डावा हात पुढच्या दांड्यावर आणि उजवा हात ट्रिगरवर असला की माणूस डावा पाय पुढे टाकूनच उभा राहतो. चपलेचा पट्टा, अंगठा आणि शेजारचं बोट. एका सेकंदाचंही काम नाही.

टॉवेल बांधला, गाडीत घातलं, तालुक्याला नेलं, तिथून पुढे पाठवलं. अंगठा राहिला, पण वाकत नाही. शेजारचं बोट गेलं. दवाखान्याचा सगळा खर्च ९२ हजार. भाऊ चार महिने घरी बसले. दिवसाला हजार रुपये मिळवणारा माणूस, महिन्याचे बावीस दिवस धरले तरी ८८ हजार बुडाले. म्हणजे १ लाख ८० हजार. त्यातले ६० हजार मी दिले, तेही एकदम नाही, तीन वेळा मिळून. बाकीच्यासाठी त्यांच्या घरातलं सोनं पतसंस्थेत गेलं.

आणि एवढं होऊन दवाखान्यात ते मला काय म्हणाले? "भाऊ, तुमचो काय दोष नाय. माझोच पाय मधी इलो."

हे वाक्य मला वर्षभर झोपू देत नाही. त्यांचा पाय त्यांच्या अंगालाच जोडलेला होता. तो मध्ये येणार नाही तर कुठे जाणार? मध्ये काहीतरी असायला हवं होतं, ते मी दिलं नव्हतं.

घरी येऊन वही काढली. मी सगळं लिहून ठेवतो, तुम्हाला माहीत आहे. कटर मशीन २४ हजार. जादा चेन दोन, तेल, कानस. ग्रास कटर अनुदानावर. फवारणी पंप, पाईप, औषधं, कल्टार, सगळं पैशापैशांत. "सुरक्षा" असा शब्द तीन वर्षांच्या वहीत एकदाही नाही. पोलादी टोपीचे बूट त्या वेळी तालुक्याच्या बाजारात १,५०० रुपयांना मिळत होते. जखम झाली ती अंगठ्यावर आणि बोटावर, आणि बुटातली पोलादी टोपी बरोबर तेवढ्याच जागेवर असते. तो बूट मशीनच्या चेनसाठी बनवलेला नसतो, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण चपलेचा पट्टा आणि पोलाद यांत फरक असतो, हे कळायला कृषी पदवी लागत नाही.

आता आपल्या सगळ्यांची जी ठरलेली उत्तरं आहेत, ती एकेक घेऊ. ही सगळी मीही दिलेली आहेत.

पहिलं उत्तर: "गड्यांनाच नको असतात."

खरं आहे, नको असतात. मी पहिल्यांदा बूट आणले तेव्हा एक जण म्हणाला, "बूट घालून काय मी लग्नाक जातंय?" दुसरा म्हणाला, "पाय शिजतत." तिसरा सगळ्यात स्पष्ट: "माका बूट नको, त्याचे पैशे देवा." मी आठवडाभर "बघा, यांनाच नको" म्हणत फिरलो. मग एक दिवस मी स्वतः त्यांच्यातले गमबूट घालून सकाळी आठ ते बारा बेणणी केली. अकरा वाजता माझे पाय खरोखरच शिजले. बूट एका नंबरने मोठा होता, टाच घासून निघाली. म्हणजे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी घाऊक दुकानातून सगळे आठ नंबर आणले होते, का, तर आठ नंबर स्वस्तात लॉट मिळाला!

जन्मभर अनवाणी चाललेल्या माणसाचा पाय पुढे रुंद पसरलेला असतो. त्याला लांबीने बरोबर असलेला बूट रुंदीला आवळतो. त्यामुळे माप कागदावर पाय ठेवून, पेन्सिलीने घ्यावं लागतं, तेही संध्याकाळी, कारण दिवसभराच्या कामाने पाय थोडा सुजलेला असतो. सुती मोजे दोन जोड द्यावे लागतात. दुपारी जेवताना बूट काढून उलटे टांगायचे. पुन्हा घालण्याआधी झटकायचे, आत विंचू बसलेला असू शकतो. एवढं केल्यावर आमच्या सहांपैकी पाच जण कुरकुर न करता घालायला लागले. सहावा अजून कुरकुरतो, पण घालतो.

तेव्हा "नको असतात" म्हणण्याआधी आपण काय आणून दिलं होतं ते सांगा. आणि सहा जणांत मिळून दोन जोड मांगरात टांगून ठेवले असतील तर त्याला बूट दिले म्हणू नका. दुसऱ्याच्या घामाने ओल्या बुटात पाय घालायला तुम्ही तयार आहात का? चिखल्या पसरवायचा तो उत्तम मार्ग आहे. बूट ज्याचा त्याचा, वर रंगाने नाव घातलेला.

दुसरं उत्तर: "आमच्या बापजाद्यांनी अनवाणी कामं केली."

केली. त्यांनी कोयता आणि कुऱ्हाड वापरली. कुऱ्हाड हातातून सुटली तर एक घाव बसतो. मशीनची चेन सेकंदाला साधारण २० मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने धावते, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. हत्यार नवीन घ्यायचं आणि पाय मात्र आजोबांच्या काळातला ठेवायचा, याला परंपरा म्हणत नाहीत. आणि आजोबांच्या काळात किती जणांचे पाय गेले, किती जण फुरशाने मेले, याची वही कोणी ठेवली होती? जे वाचले त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत आल्या.

तिसरं उत्तर: "परवडत नाही."

चला, हिशोब करू. हा माझा हिशोब आहे, तुमचे भाव तुम्ही घाला. सहा जणांना गमबूट, ४५० रुपयांप्रमाणे २,७०० रुपये. मशीनजवळ आणि ओंडक्यांजवळ काम करणाऱ्या तिघांना पोलादी टोपीचे बूट, १,५०० प्रमाणे ४,५०० रुपये. एकूण ७,२००. माझ्या बागेत साधारण साडेतीनशे पेट्या निघतात. पेटीमागे वीस-साडेवीस रुपये आले. बूट दोन वर्षं टिकले तर दहा रुपये. रिकाम्या खोक्याला आपण याच्या कितीतरी पट देतो. आंब्याला डाग पडू नये म्हणून त्याच्याखाली पेंढा अंथरतो. तो आंबा काढणाऱ्या माणसाच्या पायाखाली काय अंथरलं?

परवडत नाही म्हणणाऱ्याने एक अपघात परवडेल का तेवढं सांगावं. माझ्याच बागेतला हिशोब वर दिला आहे. ७,२०० विरुद्ध १ लाख ८० हजार. यात माझा हंगाम धरलेला नाही. भाऊ नव्हते म्हणून बाहेरून माणूस आणला, त्याला बाग माहीत नव्हती, चार चांगल्या फांद्या त्याने नको तिथे कापल्या.

आता जरा कामाचं बोलतो. कारण "बूट द्या" एवढंच ओरडून उपयोग नाही. कुठला बूट कशासाठी, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही. मलाही गेल्या वर्षीपर्यंत नव्हतं.

गमबूट. बेणणी, ग्रास कटर, काजू वेचणं, बागेत पाणी देणं, याला हाच. आपल्या भागात मुख्य शत्रू फुरसं. लहान साप, पाचोळ्यात आणि कातळाच्या फटीत बसतो, रंग असा की पाय पडेपर्यंत दिसत नाही. त्याचा दंश बहुतेक पावलावर किंवा घोट्याजवळ होतो. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत साप चावून सुमारे १२ लाख माणसं मेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिलेला आहे. मेलेले बहुतेक खेड्यातले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, त्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरलं आहे. लस हवीच, दवाखाने हवेतच. पण दंश झाल्यावरच्या सगळ्या धावपळीपेक्षा घोट्याच्या वर येणारं साडेचारशे रुपयांचं रबर स्वस्त आहे.

गमबुटाचे इतरही फायदे. भेगाळलेले पाय घेऊन साचलेल्या पाण्यात उभं राहिलं की लेप्टोची भीती. दोडामार्गाकडे २०१६ पासून माकडतापाने काजू बागायतदारांची काय अवस्था केली ते आठवा. तिथे गोचीड पायावरूनच वर चढते. गमबुटाने गोचीड पूर्ण थांबत नाही, पण पँट आत खोवून वर तेल लावलं तर तिला वाट अवघड होते.

गमबुटाने काय होत नाही तेही ऐका. शेवाळलेल्या कातळावर तो सरकतो, आणि टाच झिजलेला तर हमखास सरकतो. तळ गुळगुळीत झाला की फेकायचा, पाणी गळत नाही म्हणून ठेवायचा नाही. हाताला चावणाऱ्या सापाला तो काही करत नाही, पाचोळा काठीने सारायची सवय वेगळी लावावी लागते. मण्यार रात्री अंथरुणात येते, तिथे बूट नसतो. आणि मशीनची चेन साध्या गमबुटातून लोण्यासारखी जाते. गमबूट घालून कटर मशीन चालवणारा माणूस स्वतःला सुरक्षित समजत असेल तर तो अनवाणी माणसापेक्षा जास्त धोक्यात आहे.

पोलादी टोपीचा बूट. बाजारात "सेफ्टी शूज" म्हणून मिळतो. आयएसआय खूण आणि आयएस १५२९८ (भाग २) हा क्रमांक बघून घ्या. या प्रकारात पुढच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसायला हवा. आपल्या भाषेत, २० किलोचं वजन एक मीटरवरून पडलं तर बोटं वाचतील. आता आंब्याचा ओला ओंडका घ्या, फूटभर जाड आणि फूटभर लांब. वजन साधारण १८ ते १९ किलो भरतं. तो गुडघ्याच्या उंचीवरून पायावर घसरला तर १०० ज्यूलच्या आत काम भागतं, बोटं वाचली. तोच ओंडका चार मीटरवरच्या फांदीवरून पडला तर ७०० ज्यूलच्या वर जातो. टोपी चेपेल. म्हणून फांदी कापताना खाली कोणी उभं राहायचं नाही हा नियम बुटाने रद्द होत नाही. बूट चुकीला माफी देतो, मूर्खपणाला देत नाही.

नाव सारखं दिसलं म्हणून फसू नका. रस्त्यावर "सेफ्टी" लिहिलेले ५०० रुपयांचे बूट मिळतात, आत पोलाद आहे की पत्रा ते देव जाणे. क्रमांक नसेल तर घेऊ नका. आणि घोट्याच्या वर येणाराच घ्या. घोटा मोकळा ठेवणारा बूट कारखान्याच्या सपाट फरशीला ठीक, आपल्या गडग्या-दगडांत घोटा मुरगळतो.

चेनसाठीचा खास बूट. याचा क्रमांक ईएन आयएसओ १७२४९, आणि वर ढालीत कटर मशीनचं चित्र असतं. यात आतमध्ये लांब मजबूत धाग्यांचे थर असतात. चेन वरचं आवरण फाडून आत गेली की ते धागे ओढले जाऊन चेनच्या दातेरी चाकात गुंडाळतात आणि मशीन जागच्या जागी अडकते. चेनच्या वेगाप्रमाणे दर्जे आहेत: पहिला सेकंदाला २० मीटर, दुसरा २४, तिसरा २८. त्याहून वेगवान मशीनसमोर खात्री नाही. बॅटरीच्या आणि विजेच्या काही मशीनना जोर इतका असतो की धाग्यांनी त्या लगेच थांबत नाहीत, हेही लक्षात ठेवा. जंगलकामातल्या सुरक्षेसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९८ साली संहिता काढली, तिच्यात मशीन चालवणाऱ्यासाठी असेच बूट सांगितलेले आहेत. म्हणजे ही काही काल-परवाची चैन नाही.

अडचण भावाची. मला मुंबईच्या एका व्यापाऱ्याने जोडीला १३,५०० सांगितले. इथे मात्र "परवडत नाही" या शब्दाला वजन आहे, हे मी मान्य करतो. दीडशे-दोनशे कलमांच्या बागायतदाराने वर्षातून आठ दिवस चालणाऱ्या मशीनसाठी एवढे पैसे घालावेत असं मी म्हणणार नाही.

पण थांबा. आपल्यातले किती जण मशीन स्वतःच्या गड्याकडून चालवतात? आमच्या वाडीत आणि शेजारच्या दोन वाड्यांत मिळून तोच एक मशीनवाला नऊ बागांत जातो. तो आठ दिवस नाही, हंगामात रोज मशीन धरतो. माणूस नऊ जणांत वाटून घेताना आपल्याला अडचण येत नाही, मग बूट वाटून घ्यायला काय झालं? १३,५०० भागिले नऊ, प्रत्येकी १,५०० रुपये. बूट त्याच्या मापाचे, त्याच्या मालकीचे. आम्ही यंदा असंच केलं. नऊपैकी सात जणांनी लगेच दिले. एकाने "पुढच्या महिन्यात" सांगितलं. एकाने नाही म्हटलं, त्याचा वाटा बाकीच्यांनी उचलला. आणि मशीनवाल्या भाऊंनी त्याच्या बागेत जायचं बंद केलेलं नाही, कारण ते माझ्यापेक्षा मोठ्या मनाचे आहेत. बुटाबरोबर मांडीपासून खाली पाय झाकणारं चेनचं संरक्षक आवरणही हवं. ते पुढच्या साली घेणार. एकदम सगळं जमत नाही, पण क्रम ठरलेला असावा.

आता झाडावर चढणाऱ्यांचं. हा विषय आला की मी आवाज खाली आणतो, कारण इथे माझ्याकडे सोपं उत्तर नाही. आमच्याकडे बांडगूळ काढायला, आंबा उतरवायला माणूस अनवाणी चढतो. पायाची बोटं सालीला पकडतात. त्याला पोलादी टोपीचा बूट दिला तर "पाय सरकतलो" म्हणतो आणि ते बरोबर आहे. कडक तळाचा बूट घालून कलमावर चढायला लावणं हा उलटा अपघात. चढणाऱ्याची खरी सुरक्षा दोरीत आणि कमरेच्या पट्ट्यात आहे. बुटाचा हट्ट तिथे धरू नये. शिडीवरून कापायचं असेल तर मऊ पण खाचेदार तळाचा, घोटा धरणारा बूट चालतो. झाडावर मशीन न्यायचीच नाही, वर हातकरवत, हा आमचा नियम. आणि चढणारा खाली उतरला की त्याने चपलेत नाही, बुटात पाय घालायचा. तो खाली येऊन फांद्या ओढतो, तेव्हाच फुरसं भेटतं.

बायकांचं कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. कापलेल्या फांद्या गोळा करणं, गवताचे भारे, काजू वेचणं ही कामं बहुतेक बायका करतात. पाचोळ्यात सगळ्यात जास्त हात-पाय त्यांचे जातात. आमच्या एका वहिनींनी विचारलं, "आमच्या मापाचे बूट खय गावतत?" मी तीन दुकानं फिरलो. सहा नंबरच्या खाली गमबूट नाही. एका दुकानदाराने शाळेतल्या पोरांचे पावसाळी बूट दाखवले, वर कार्टूनचं चित्र! शेवटी चार आणि पाच नंबर कोल्हापूरहून मागवले, महिना गेला. मागणी नाही म्हणून माल ठेवत नाही, असं दुकानदार म्हणतो. मागणी कोण करणार? मालक करणार. मालकाने बायकांच्या पायाकडे कधी बघितलंय?

आता कृषी विभागातल्या, विद्यापीठातल्या आणि कंपन्यांतल्या मित्रांना थोडं. हे पान तुमच्यापैकी बरेच जण वाचतात, तुमचे फोन येतात, मदतही होते. म्हणून हक्काने लिहितो.

तुमची छाटणीची प्रात्यक्षिकं मी पाहिली आहेत. कुठली फांदी ठेवायची, कुठल्या कोनात कापायची, वर बोर्डो पेस्ट कशी लावायची, सगळं सुंदर सांगता. पण फोटोत मशीन धरलेल्या माणसाच्या पायांत सँडल असते. शेतकरी तुमचे शब्द विसरतो, फोटो लक्षात ठेवतो. पुढच्या प्रात्यक्षिकाला आधी बूट दाखवा, मग मशीन सुरू करा. तुमच्या वेळापत्रकात पालवीपासून काढणीपर्यंत फवारण्या ओळीने असतात. "बेणणीआधी गमबूट तपासा" ही एक ओळ घालायला कुठल्या संशोधनाची वाट बघताय? उत्पादन खर्चाच्या तक्त्यात मजुरी, खत, औषध, पॅकिंग असतं. सुरक्षा साहित्याची ओळ घाला. तक्त्यात जे नाही ते बँकेच्या लेखी नाही, आणि मालकाच्या डोक्यातही नाही.

२०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा कुठे मास्क आणि हातमोज्यांची चर्चा गावागावांत पोचली. बुटांसाठी पण तेवढी माणसं जायला हवीत का? की पायाची जखम एकेकट्याची असते, एका वेळी एकाची, म्हणून तिची बातमी होत नाही?

सरकारलाही एक प्रश्न. मला ग्रास कटरला अनुदान मिळालं, त्याबद्दल आभार. पण ते यंत्र देताना पायांतलं काही द्यावं असं कोणाला सुचलं नाही. राज्यात नोंदणी केलेल्या बांधकाम कामगाराला कल्याणकारी मंडळाकडून सुरक्षा संच मिळतो, त्यात हेल्मेट असतं, सेफ्टी शूज असतात. चांगली गोष्ट आहे. मग विटा उचलणाऱ्या पायाला बूट आणि ओंडके उचलणाऱ्या पायाला काहीच नाही, हे कसं? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, मृत्यू झाला तर २ लाख, एक अवयव निकामी झाला तर १ लाख. सर्पदंश आणि उंचावरून पडणं दोन्ही त्यात बसतं. पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो त्यात नाही. माझ्या बागेत माझा पाय गेला तर सरकार विचारेल. माझ्या बागेत मजुराचा गेला तर मीच विचारायचं. आणि मी कसं विचारलं ते वर लिहिलंच आहे, तीन हप्त्यांत ६० हजार. नारळ विकास मंडळ माडावर चढणाऱ्यांसाठी केरा सुरक्षा विमा चालवतं. माडासाठी जमतं तर आंबा-काजूसाठी का जमू नये?

पण सरकारचं होईल तेव्हा होईल. त्याची वाट बघत चपलेवर काम चालू ठेवायचं हे मला पटत नाही. आमच्या बागेत यंदापासून काय आहे ते लिहून संपवतो.

एक: कामावर पहिल्या दिवशी पायाचं माप, आठवड्यात बूट, वर नाव. मजुरीतून एक रुपयाही कापायचा नाही. काम सोडून गेला तरी बूट त्याचे.

दोन: बूट नाही तर मशीन नाही. हे मालकालाही लागू. गेल्या आठवड्यात मी चपलेवर मशीन उचलली तेव्हा भाऊंनीच ती माझ्या हातातून काढून घेतली. बोलले काही नाहीत.

तीन: कोणी कापत असताना दोन माणसांच्या उंचीएवढ्या अंतरात दुसरं कोणी नाही, आणि फांदीखाली तर कोणीच नाही.

चार: दर महिन्याच्या एक तारखेला बूट उलटे करून तळ बघायचा. झिजला की बदल.

पाच: वहीत "सुरक्षा" नावाचं वेगळं पान. यंदा त्यावर ८,७०० रुपये लिहिलेत, त्यात मशीनवाल्यांच्या बुटाचा माझा वाटा धरून.

भाऊ आज कामावर होते. नवीन बूट, डाव्या बुटात एका बोटाची जागा रिकामी, तिथे त्यांनी कापूस भरलाय. दुपारी जेवताना बूट काढून उलटे टांगले, पुन्हा घालताना झटकले, कापूस नीट बसवला आणि मशीन सुरू केली. मी खाली गडग्यावर बसून बघत होतो.

तुमच्या बागेत किती माणसं आणि किती जोड, खाली लिहा. चार-पाच नंबरचे चांगले गमबूट कुठे मिळतात ठाऊक असेल तर दुकानाचा पत्ता आधी लिहा. सगळ्यांना लागणार आहे.